हायपरव्हायजरमधील स्मृती-फॉल्टची हाताळणी : केव्हीएम प्रणालीतील दोष व दुरुस्त्या यांचे विवेचन

सारांश

एका प्रत्यक्ष संगणकावर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायजर म्हणतात. अशा प्रणालीत स्मृतीविषयीचा फॉल्ट ही चूक नसून अतिथी यंत्राच्या वतीने यजमान यंत्राला विचारला गेलेला प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर मिळविणे आणि ते सारणीत नोंदविणे या दोन क्रियांच्या दरम्यान ते उत्तर शिळे होऊ शकते. फॉल्टच्या हाताळणीतील काही अतिशय गंभीर व सहज न सापडणाऱ्या दोषांचे मूळ या मध्यंतरातच असते. प्रस्तुत लेखात लिनक्समधील केव्हीएम या हायपरव्हायजरच्या २००८ ते २०२१ या काळातील निवडक दुरुस्त्यांच्या आधारे हे सूत्र उलगडून दाखविले असून, संगणकशास्त्राच्या अध्यापनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशद केले आहे.

बीजसंज्ञा : हायपरव्हायजर, आभासी यंत्र, पेज फॉल्ट, पृष्ठ-सारणी, केव्हीएम, समवर्ती प्रक्रिया

१. प्रस्तावना

आभासी यंत्राची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हाच एका मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणकांचा भास निर्माण करण्याचे तंत्र व्यवहारात आले होते. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ साली अशा प्रणालीसाठी संगणकाच्या रचनेने कोणत्या अटी पाळाव्यात याची औपचारिक मांडणी केली. वैयक्तिक संगणकांत वापरले जाणारे प्रोसेसर मात्र या अटी दीर्घकाळ पूर्ण करीत नव्हते. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्ये आभासीकरणास साहाय्यभूत अशा सोयी दिल्या आणि हे तंत्र सर्वसामान्य सर्व्हरपर्यंत पोहोचले. त्यानंतर २००६ च्या ऑक्टोबरमध्ये अवी किविटी यांनी केव्हीएम हा हायपरव्हायजर जाहीर केला. फेब्रुवारी २००७ मधील लिनक्स २.६.२० या आवृत्तीत त्याचा समावेश झाला.

आज हा विषय केवळ प्रणाली-अभियंत्यांच्या कुतूहलापुरता राहिलेला नाही. गूगलची क्लाउड-सेवा केव्हीएमवर चालते. ॲमेझॉनने २०१७ मध्ये पुढे आणलेला नायट्रो हायपरव्हायजरही केव्हीएमच्याच पायावर उभा आहे. अशा सेवांमध्ये परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या संस्थांची आभासी यंत्रे एकाच प्रत्यक्ष यंत्राच्या स्मृतीत शेजारी शेजारी नांदू शकतात. एका संस्थेची माहिती दुसरीच्या हाती पडू नये, ही हमी भिंतींनी किंवा कुलपांनी मिळत नाही. ती हायपरव्हायजरने ठेवलेल्या काही सारण्यांच्या अचूकतेवर अवलंबून असते. या सारण्यांत बहुतांश नोंदी होतात त्या फॉल्टच्या हाताळणीतून. म्हणून ही हाताळणी कोठे चुकते आणि ती दुरुस्त कशी केली जाते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. फॉल्ट म्हणजे चूक नव्हे

संगणकाची स्मृती समान आकाराच्या पृष्ठांत विभागलेली असते. इंटेल व एएमडी यांच्या प्रचलित प्रोसेसरवर एक पृष्ठ सामान्यतः ४०९६ बाइटचे असते. आज्ञावली ज्या पत्त्यांनी व्यवहार करते ते पत्ते प्रत्यक्ष स्मृतीचे नसतात. आज्ञावलीचा पत्ता आणि प्रत्यक्ष पृष्ठ यांची जोडी पृष्ठ-सारणी नावाच्या नोंदवहीत लिहिलेली असते व प्रत्येक वेळी प्रोसेसर ती पाहून भाषांतर करतो. वारंवार लागणारी भाषांतरे टीएलबी नावाच्या लहानशा साठ्यात ठेवली जातात, म्हणजे दर वेळी सारणी उलगडावी लागत नाही.

सारणीत हवी ती नोंद नसेल, किंवा असूनही मागितलेल्या कृतीस परवानगी नसेल, तर प्रोसेसर चालू आज्ञा अर्धवट सोडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे धाव घेतो. यालाच पेज फॉल्ट म्हणतात. फॉल्ट या शब्दामुळे काहीतरी बिघडले असा समज होतो. प्रत्यक्षात हा प्रणालीच्या नित्यक्रमाचा भाग आहे. पृष्ठ खरोखर वापरले जाईपर्यंत ते न देणे, डिस्कवर ठेवलेले पृष्ठ गरज पडल्यावरच स्मृतीत आणणे, दोन आज्ञावलींना एकच पृष्ठ देऊन त्यांपैकी एकीने लिहावयास घेताच वेगळी प्रत करून देणे, ही सर्व कामे फॉल्टच्या आधारेच चालतात. फॉल्ट हाताळून झाल्यावर प्रोसेसर तीच आज्ञा पुन्हा आरंभापासून चालवितो आणि या वेळी ती पार पडते. सोडलेली आज्ञा पुन्हा जशीच्या तशी चालविता येते, हा गुण पुढील विवेचनात फार महत्त्वाचा ठरणार आहे.

३. दुहेरी भाषांतर

आभासी यंत्रात भाषांतराचा आणखी एक थर येतो. अतिथी यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टीम आपली पृष्ठ-सारणी स्वतः सांभाळते आणि आपल्याला प्रत्यक्ष स्मृतीच मिळाली आहे अशी तिची समजूत असते. वस्तुतः तिला जो प्रत्यक्ष पत्ता वाटतो, त्याचे यजमान यंत्राच्या खऱ्या पत्त्यात पुन्हा भाषांतर करावे लागते. सुरुवातीच्या काळात हायपरव्हायजर हे दोन्ही थर एकत्र करून स्वतःची छाया-सारणी तयार करीत असे. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये दुसऱ्या थराची सारणी प्रोसेसरलाच वाचता येईल अशी सोय केली. इंटेलच्या परिभाषेत या सारणीस ईपीटी म्हणतात.

या सोयीची किंमतही आहे. दोन्ही सारण्या चार-चार पातळ्यांच्या असतील, तर अतिथीच्या प्रत्येक पातळीवरील नोंद वाचण्यासाठी आधी दुसऱ्या सारणीच्या चार नोंदी वाचाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक पातळीला पाच याप्रमाणे वीस वाचने होतात. शेवटच्या पत्त्यासाठी आणखी चार धरून एका भाषांतरामागे २४ पर्यंत वाचने होऊ शकतात. म्हणूनच टीएलबीवरील भिस्त येथे अधिकच वाढते.

दुसऱ्या सारणीत नोंद नसेल तेव्हा होणाऱ्या फॉल्टला इंटेल ईपीटी व्हायोलेशन म्हणते. अशा वेळी प्रोसेसर अतिथीला थांबवून हायपरव्हायजरकडे नियंत्रण सोपवितो, बाहेर पडण्याचे कारण म्हणून ४८ हा क्रमांक देतो आणि अतिथीचा कोणता पत्ता अडला व तेथे वाचन, लेखन की आज्ञा-ग्रहण चालले होते हेही नोंदवून ठेवतो. अतिथीला यातले काहीच कळत नाही. हायपरव्हायजरने यजमानाकडून योग्य पृष्ठ मिळवावे, दुसऱ्या सारणीत नोंद करावी आणि अतिथीला पुन्हा सुरू करावे, एवढेच काम राहते. काम सरळ दिसते. अडचण आहे ती काळाची.

४. उत्तर आणि नोंद यांमधील अंतर

संगणकशास्त्राबाहेरील वाचकांसाठी येथे एक परिचित दाखला घेता येईल. जमीन खरेदी करणारा सातबारा उतारा काढतो आणि त्यावरील नाव पाहून व्यवहार ठरवितो. उतारा काढला त्या दिवशी तो खराच असतो. परंतु उतारा आणि खरेदीखत यांच्या मधल्या दिवसांत त्या गटावर वारसाचा किंवा विक्रीचा फेरफार झाला, तर हातातला कागद खोटा नसूनही निरुपयोगी ठरतो. कागदावर खाडाखोड नाही, सही-शिक्का योग्य आहे. फक्त तो शिळा आहे. हायपरव्हायजरमध्ये नेमके असेच घडू शकते.

यजमान यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम स्वस्थ बसलेली नसते. स्मृती अपुरी पडली की ती पृष्ठे डिस्कवर हलविते, पृष्ठांच्या जागा बदलते, सारख्या मजकुराची पृष्ठे एकत्र करते. हे सर्व फॉल्टची हाताळणी चालू असतानाच दुसऱ्या एखाद्या प्रोसेसरवर चालू असू शकते. समजा, अतिथीच्या एका पत्त्यावर फॉल्ट झाला. हायपरव्हायजरने यजमानाला विचारले आणि अमुक एक पृष्ठ असे उत्तर मिळाले. हे उत्तर सारणीत लिहिण्यापूर्वीच यजमानाने तेच पृष्ठ परत घ्यायचे ठरविले. त्याने हायपरव्हायजरला तशी सूचना दिली. हायपरव्हायजरने आपली सारणी तपासली. तेथे या पृष्ठाची नोंद अद्याप झालेलीच नव्हती, म्हणून काढून टाकण्यासारखे काही नाही असे कळविले. यजमानाने पृष्ठ मोकळे करून दुसऱ्याच आज्ञावलीला दिले. यानंतर पहिल्या प्रोसेसरवर थांबलेली हाताळणी पुढे सरकली आणि तिने हातातले जुने उत्तर सारणीत लिहून टाकले.

आता अतिथी यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे पृष्ठ वाचू शकते, त्यात लिहूही शकते. या दोषाचे खरे गांभीर्य असे की, यानंतर कोणताही फॉल्ट होत नाही. सारणीत नोंद आहे, परवानगी आहे, प्रोसेसरला तक्रारीचे कारण नाही. चुकीच्या उत्तराने प्रश्नच मिटवून टाकला. बिघाड उघड होईल तो कदाचित काही तासांनी, अगदी वेगळ्या ठिकाणी, एखाद्या फाइलच्या नासलेल्या मजकुरातून. आणि तेव्हा मूळ कारणाचा मागमूसही उरलेला नसेल.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे प्रश्न विचारल्यापासून नोंद होईपर्यंत सर्वांना कुलूप लावून थांबविणे. तो येथे चालत नाही. यजमानाकडून पृष्ठ मिळविताना डिस्कवरून वाचन करावे लागू शकते. प्रोसेसरच्या मानाने हा काळ प्रदीर्घ असतो. सारणीचे रक्षण करणारे कुलूप हाती असताना अशी झोप घेण्यास लिनक्समध्ये मनाई आहे. आणि ती नसती, तरी एका आभासी प्रोसेसरच्या फॉल्टसाठी त्या यंत्राचे इतर सर्व प्रोसेसर खोळंबले असते. सुरुवातीच्या केव्हीएमने दुसरा मार्ग पत्करला होता. सारणीत नोंदलेल्या पृष्ठावर तो संदर्भ-गणनेद्वारे आपला हक्क ठेवी, त्यामुळे नोंद असेपर्यंत यजमान ते पृष्ठ मोकळे करू शकत नसे. यात सुरक्षितता होती; परंतु अतिथीची स्मृती यजमानाला मोकळेपणी हलविता येत नव्हती आणि आभासीकरणाचा एक मोठा लाभच गमावला जात होता.

५. २००८ मधील दुरुस्ती : क्रमांक आणि प्रलंबित-गणक

ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२७ मध्ये एमएमयू नोटिफायर ही यंत्रणा आली. तिच्या उभारणीत आंद्रेआ आर्कांजेली यांचा प्रमुख वाटा होता. या यंत्रणेनुसार यजमान आपल्या पृष्ठ-सारणीत बदल करण्यापूर्वी हायपरव्हायजरला ‘या पत्त्यांवरील नोंदी रद्द करण्यास सुरुवात होत आहे’ असे कळवितो आणि बदल संपल्यावर तसेही कळवितो. पहिली सूचना मिळताच हायपरव्हायजरने आपल्या नोंदी काढून टाकल्या पाहिजेत आणि प्रोसेसरांच्या टीएलबीमधील जुनी भाषांतरेही पुसली पाहिजेत. ते झाल्याशिवाय पृष्ठ दुसऱ्याला दिले जात नाही.

एवढ्याने वर वर्णिलेली फट बुजत नाही, कारण सूचना आली तेव्हा नोंद सारणीत नव्हती. ती हाताळणीच्या हातात होती. ती फट बुजविण्यासाठी केव्हीएम दोन संख्या बाळगतो. पहिली म्हणजे चालू क्रमांक, जो प्रत्येक रद्दीकरण पूर्ण झाल्यावर एकाने वाढतो. दुसरी म्हणजे या क्षणी किती रद्दीकरणे अर्धवट आहेत याची गणना. फॉल्ट हाताळताना सर्वप्रथम चालू क्रमांक टिपून ठेवला जातो. मग कुलपाशिवाय, आवश्यक तेवढा वेळ घेऊन, यजमानाकडून पृष्ठ मिळविले जाते. शेवटी कुलूप घेऊन नोंद करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासल्या जातात : एखादे रद्दीकरण प्रलंबित आहे काय, आणि क्रमांक बदलला आहे काय. दोहोंपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर हातातले उत्तर टाकून दिले जाते आणि अतिथीला काहीच न करता पुन्हा सुरू केले जाते. अतिथी तीच आज्ञा पुन्हा चालवितो, पुन्हा फॉल्ट होतो आणि प्रश्न नव्याने विचारला जातो.

संगणकीकृत सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि प्रलंबित फेरफाराचा उल्लेख असतो. या दोन रकान्यांचे प्रयोजन आणि वरील दोन संख्यांचे प्रयोजन एकच आहे. उतारा खरा की खोटा हे कोणी विचारीत नाही. तो काढल्यानंतर काही घडले काय, एवढेच पाहावयाचे असते.

दोन संख्या कशासाठी, एक पुरली नसती काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्यासाठी तीन शक्यता पाहू. रद्दीकरण आपण क्रमांक टिपल्यानंतर सुरू होऊन नोंदीपूर्वीच संपले, तर गणना शून्य दिसेल. परंतु क्रमांक बदललेला असेल. रद्दीकरण सुरू झाले आणि नोंदीच्या वेळीही चालूच असेल, तर क्रमांक जुनाच दिसेल. परंतु गणना शून्य नसेल. रद्दीकरण नोंद झाल्यानंतर सुरू झाले, तर ते सारणीत आपली नोंद पाहील आणि स्वतःच काढून टाकील. चौथी शक्यता उरत नाही. पहिल्या दोन शक्यतांसाठी दोन वेगळ्या संख्या लागतात हे यावरून स्पष्ट होईल.

क्रमालाही येथे महत्त्व आहे. रद्दीकरण संपताना आधी क्रमांक वाढवावा लागतो व मगच गणना कमी करावी लागते. तपासताना आधी गणना व नंतर क्रमांक वाचावा लागतो. हा क्रम उलटला, तर दोन्ही संख्या निवांत दिसतील असा एक क्षण निर्माण होऊ शकतो. आधुनिक प्रोसेसर स्मृतीतील वाचने व लेखने आपल्या सोयीने मागेपुढे करतात. म्हणून हा क्रम केवळ आज्ञावलीत लिहून भागत नाही. तो सक्तीने पाळला जावा यासाठी स्मृती-अडसर घालावे लागतात. जेथे ही तपासणी संपूर्ण यंत्राच्या एकाच कुलपाखाली होत नाही, उदाहरणार्थ पॉवरपीसीवरील एका प्रकारात ती प्रत्येक पृष्ठाच्या स्वतंत्र कुलपाखाली होते, तेथे हे अडसरच आधार असतात.

या यंत्रणेमुळे अतिथीची स्मृती यजमानाला नेहमीच्या स्मृतीप्रमाणे हाताळता येऊ लागली. डिसेंबर २००९ मधील लिनक्स २.६.३२ मध्ये आलेली, सारखी पृष्ठे एकत्र करणारी केएसएम ही सोय याच पायावर उभी आहे.

६. उपकरणांचे पत्ते : २०११ ते २०१४

अतिथीचे सर्वच पत्ते स्मृतीचे नसतात. काही पत्ते नेटवर्क कार्डासारख्या उपकरणांचे असतात आणि आभासी यंत्रात ही उपकरणेही बहुधा आभासीच असतात. कोणत्या पत्त्यांवर खरी स्मृती आहे याची यादी क्यूईएमयूसारखी आज्ञावली केव्हीएमला देते. या यादीतील प्रत्येक विभागास स्मृती-खंड म्हणू. यादीबाहेरच्या पत्त्यावर फॉल्ट झाला, तर तो उपकरणाशी व्यवहार समजून त्या आज्ञावलीकडे सोपविला जातो.

उपकरणांशी व्यवहार वारंवार होतो आणि प्रत्येक वेळी यादी धुंडाळणे महाग पडते. म्हणून २०११ मध्ये एक युक्ती योजली गेली. असा पत्ता एकदा ओळखला की ईपीटी सारणीत त्याच्यापुढे मुद्दामच अशक्य परवानगी लिहावयाची : लेखन चालेल, वाचन मात्र चालणार नाही. प्रोसेसरच्या नियमांत ही जोडी बसत नाही, म्हणून तो ४९ या वेगळ्या क्रमांकाने बाहेर पडतो. आणि हायपरव्हायजरला हा पत्ता उपकरणाचा आहे हे यादी न पाहता कळते. येथे जाणूनबुजून केलेली चूक हीच खूण ठरते.

परंतु ही खूणही एक साठविलेले उत्तरच आहे आणि म्हणून तेही शिळे होऊ शकते. यंत्र चालू असताना स्मृती-खंडांची यादी बदलू शकते. २०१३ मध्ये यावर उपाय म्हणून यादीला पिढी-क्रमांक देण्यात आला. यादी बदलली की क्रमांक वाढतो. प्रत्येक खुणेत ती कोणत्या पिढीत लिहिली गेली हे साठविले जाते. क्रमांक जुळला नाही, तर खूण रद्द समजून यादी पुन्हा पाहिली जाते. सर्व खुणा शोधून पुसण्याची गरज उरत नाही. खुणेतील जागा मर्यादित असल्याने हा क्रमांक कधीतरी पुन्हा शून्यावर येणार आणि तेव्हा सर्व खुणा एकदम पुसाव्या लागणार. हा प्रसंग वर्षानुवर्षे न येता एके दिवशी अचानक येऊ नये, म्हणून विकासकांनी क्रमांकाची सुरुवात मुद्दाम शेवटाच्या १५० आधीपासून केली. क्वचित चालणारा मार्ग लवकर व वारंवार चालवून पाहण्याचा हा उत्तम नमुना होय.

तरीही २०१४ मध्ये येथे दोन दोष आढळले. पहिला दोष सोपा होता. प्रत्येक आभासी प्रोसेसर नुकताच वापरलेला उपकरणाचा पत्ता स्वतःपाशी वेगळा लक्षात ठेवत असे आणि अधिक वेगासाठी सर्वप्रथम तोच पाहत असे. या खासगी टिपणावर पिढी-क्रमांक नव्हता. परिणामी, एखाद्या पत्त्यावर आधी काही नव्हते आणि नंतर तेथे स्मृती-खंड जोडला गेला, तरी त्या पत्त्याची मागणी उपकरणाची समजून बाहेर पाठविली जाई. उपाय असा, की या टिपणावरही पिढी-क्रमांक लिहावयाचा व तो तपासूनच त्यावर विश्वास ठेवावयाचा.

दुसरा दोष अधिक बोधप्रद आहे. यादी बदलताना नवी यादी प्रसिद्ध केली जाते व क्रमांक वाढविला जातो. जुनी यादी वाचत असलेले सर्व जण बाहेर पडेपर्यंत मग थांबावे लागते. या दरम्यान एखादा आभासी प्रोसेसर जुनी यादी पाहून निर्णय घेई आणि त्यानंतर, खूण लिहिताना, पिढी-क्रमांक मात्र नव्या यादीवरून वाचीत असे. म्हणजे निर्णय जुना, शिक्का नवा. अशी खूण पुढील प्रत्येक तपासणीत खरी ठरणार. आणि यादी पुन्हा बदलली नाही, तर ती कायमची खरी ठरणार. क्रमांक होता, तपासणीही होती. परंतु उत्तर आणि त्याचा क्रमांक एकाच क्षणाचे नव्हते.

दुरुस्ती लहान पण मार्मिक होती. जुने वाचक बाहेर पडल्यानंतर क्रमांक पुन्हा एकदा वाढवावयाचा. बदल चालू असतानाचा क्रमांक विषम, बदल पुरा झाल्यावरचा सम. मधल्या विषम काळात लिहिलेली कोणतीही खूण पुढच्या वाढीबरोबर आपोआप अविश्वासार्ह ठरते. पुढे २०१९ मध्ये या विषम-सम संकेताच्या जागी ‘बदल चालू आहे’ असे सांगणारी स्वतंत्र खूण आली. मागील भागातील प्रलंबित-गणक आणि ही खूण यांचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईलच.

७. फेरप्रयत्नांची किंमत

शंका आली की उत्तर टाकून पुन्हा विचारावे, हे धोरण सुरक्षित असले तरी फुकट नाही. २००८ च्या रचनेत कोणत्याही पत्त्यावरील रद्दीकरणामुळे क्रमांक बदले आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या फॉल्टलाही पुन्हा सुरुवात करावी लागे. एका गटावर फेरफार चालू आहे म्हणून गावातील सर्वच खरेदीखते अडवून ठेवण्यासारखे हे होते. यजमानाकडून सतत रद्दीकरणे होत असतील, तर एखाद्या आभासी प्रोसेसरची प्रगतीच खुंटू शकते. २०२१ मधील लिनक्स ५.१२ मध्ये चालू रद्दीकरण कोणत्या पत्त्यांपुरते आहे याची नोंद ठेवून, फॉल्टचा पत्ता त्यात येत असेल तरच त्या प्रलंबित रद्दीकरणासाठी माघार घेण्याची व्यवस्था झाली. त्याच आवृत्तीत, नव्या सारणी-व्यवस्थेत, एकाच यंत्राच्या अनेक प्रोसेसरांवरील फॉल्ट एकाच वेळी हाताळण्याची सोयही आली. प्रोसेसरांची संख्या मोठी असलेल्या यंत्रांसाठी ही सोय आवश्यकच होती.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळलेले दिसते. अनावश्यक फेरप्रयत्न कमी करताना चूक झालीच, तर ती जादा फेरप्रयत्नाच्या बाजूने व्हावी. एक जास्तीचा फेरप्रयत्न म्हणजे वेळेचा थोडा अपव्यय. एक राहून गेलेला फेरप्रयत्न म्हणजे दुसऱ्याच्या स्मृतीत शिरकाव. या दोन चुका समान वजनाच्या नाहीत.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

ऑपरेटिंग सिस्टीम या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत पेज फॉल्टची हाताळणी बहुधा एकाखाली एक अशा पायऱ्यांच्या आकृतीने शिकविली जाते : फॉल्ट झाला, पृष्ठ शोधले, स्मृतीत आणले, सारणीत नोंद केली, आज्ञा पुन्हा चालविली. ही आकृती चुकीची नाही. परंतु तीत एकच कर्ता आहे आणि बाकी जग स्तब्ध आहे. समवर्ती प्रक्रिया आणि कुलपे यांचे प्रकरण त्याच पुस्तकात असते, पण वेगळे. विद्यार्थी दोन्ही प्रकरणे उत्तम प्रकारे पाठ करतो आणि तरीही पायऱ्यांच्या दरम्यान काय घडू शकते हा प्रश्न त्याला पडत नाही.

वर्गात याला जोड देणे अवघड नाही. फळ्यावर दोन उभे रकाने आखावेत. एकात फॉल्टच्या पायऱ्या, दुसऱ्यात यजमानाच्या रद्दीकरणाच्या पायऱ्या लिहाव्यात आणि दुसऱ्या रकान्यातील पायऱ्या पहिल्यातील प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये घालून परिणाम काढण्यास सांगावे. यासाठी संगणकाचीही गरज नाही. केव्हीएमचा मूळ कोड सर्वांना उपलब्ध असल्याने ज्यांना अधिक खोलात जावयाचे आहे त्यांना प्रत्येक दुरुस्ती, तिच्यासोबत लिहिलेल्या कारणमीमांसेसह, वाचता येते. वर उल्लेखिलेल्या २०१४ च्या दुरुस्त्यांमध्ये घटनांचा क्रम असाच टप्प्याटप्प्याने मांडलेला आहे. अभियांत्रिकी लेखनाचा नमुना म्हणूनही तो विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) हायपरव्हायजरमधील स्मृती-फॉल्ट हा प्रश्न असतो आणि सारणीतील नोंद हे त्याचे उत्तर. उत्तर मिळविताना ते बरोबर असणे पुरेसे नाही; ते नोंदविण्याच्या क्षणीही बरोबर असले पाहिजे.

२) शिळ्या उत्तराची नोंद पुढील फॉल्टच थांबविते. त्यामुळे हा दोष स्वतःची खबर देत नाही. तो चाचणीपेक्षा तर्कशुद्ध विचारानेच अधिक खात्रीने सापडतो.

३) उत्तरासोबत क्रमांक ठेवणे आणि बदल चालू असल्याची वेगळी खूण ठेवणे या दोन्ही गोष्टी लागतात. २००८ ची रचना आणि २०१४ ची दुरुस्ती भिन्न प्रश्नांसाठी झाल्या असूनही त्या याच जोडीपाशी येऊन पोहोचतात.

४) क्रमांक उत्तराच्या आधी टिपला पाहिजे. उत्तर जुने व क्रमांक नवा अशी नोंद क्रमांक नसलेल्या नोंदीपेक्षाही घातक असते, कारण ती तपासणीत उत्तीर्ण होते.

५) जलदगतीसाठी केलेले प्रत्येक टिपण ही आणखी एक नोंदवही असते. मूळ नोंदवहीला लागू असलेला नियम तिला लागू न केल्यास दोष तेथूनच शिरतो.

महसुली दप्तर असो, ग्रंथालयाची सूची असो वा परीक्षा विभागाची गुणपत्रके असोत, जेथे एकाने पाहून दुसऱ्याने नोंदवावयाचे असते तेथे हाच नियम लागू पडतो. हायपरव्हायजरमध्ये हे मध्यंतर सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाचे असू शकते, एवढाच काय तो फरक. आणि त्या अंशातही दुसरा प्रोसेसर आपले काम पुरे करून मोकळा झालेला असतो.